पाच जण आहेत कुठे?

गेला महिनाभर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आमच्या जवळपास प्रत्येक गटावर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खासगीत एक माणूस करतो ते काम सरकारी कचेरीत पाच जण मिळून करत नाहीत. त्यांना कुणी काढू शकत नाही, म्हणून ते निवांत असतात. टार्गेट लावा, हजेरीला बोटाचा ठसा सक्तीचा करा, आपोआप सुधारतील. आणि मराठी माणूस दिसला की फाईल मुद्दाम अडवतात. मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, पाच जण आहेत कुठे? कर्नाटकात मंजूर सरकारी पदं साडेसात लाखांच्या वर आणि त्यातली अडीच लाखांहून अधिक रिकामी. म्हणजे दर तीन खुर्च्यांतली एक मोकळी. शेवटची काही वर्षं माझ्याकडे शेजारच्या टेबलाचाही चार्ज होता. तलाठ्याची गत याहून वाईट. आता त्याचं नाव ग्राम प्रशासन अधिकारी झालंय, पण उतारा-आधार जोडणी, पीकपाहणी, पुराचा पंचनामा, मतदार यादी सगळं त्याच्याच गळ्यात, आणि प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं. २०२४ च्या सप्टेंबरात हे लोक राज्यभर संपावर गेले, त्यात या अ‍ॅपच्या ओझ्याची तक्रार होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, तेव्हा चिकोडी-गोकाककडे गुडघाभर चिखलातून घरोघर पंचनामे करणारेही हेच लोक.

काढता येत नाही हे तर साफ खोटं. घटनेचं ३११ वं कलम एवढंच सांगतं की आरोप लेखी द्या, चौकशी करा, बाजू मांडू द्या, मग काढा. चौकशा वर्षानुवर्षं रखडतात हे खरं. पण चौकशी अधिकारी स्वतःचं काम सांभाळून ती करतो, त्यामुळे रखडतात. दोष कलमाचा नाही.

आता टार्गेट. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण पद्धत बदलल्यानं काम सुधारतं आणि नुसत्या टार्गेटनं बिघडतं, हे दोन्ही मी पाहिलंय.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणारी सरकारची ‘भूमी’ योजना आली तेव्हा राज्यातल्या १७७ तालुक्यांतले सुमारे २ कोटी उतारे संगणकावर चढले. त्याआधी उतारा तलाठ्याच्या दप्तरात असायचा आणि तो हवा असेल तर आधी तलाठी शोधावा लागायचा. मग तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरून तो मिळायला लागला. सगळ्यात मोठा बदल फेरफारात झाला. जो अर्ज आधी आला तो आधीच उघडणार, मधला उचलून पुढे ढकलता येणार नाही. माणसं तीच, पगार तोच. कुणाचं काम आधी करायचं हा अधिकार टेबलावरून गेला आणि त्याबरोबर टेबलाखालचा व्यवहारही बराच आटला.

२०१२ पासून ‘सकाला’, म्हणजे सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा, लागू झाला. मुदत चुकली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, अर्जदाराला भरपाई आणि ती जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून. कायदा चांगलाच आहे, अनेकांना दाखले वेळेवर मिळाले. पण जिथे माणूसच कमी तिथे मी काय पाहिलं? मुदत संपायच्या आदल्या दिवशी ‘कागद अपुरे’ म्हणून अर्ज फेटाळायचा. तक्त्यात टार्गेट शंभर टक्के पूर्ण आणि म्हातारं माणूस परत रांगेत. ठशाचंही तेच. बोट उमटल्यानं माणूस हजर आहे एवढंच कळतं.

कामाला शिस्त लावणारे साहेबही आम्ही पाहिले. एक तहसीलदार दर सोमवारी आम्हा केसवर्करांना, म्हणजे फाईल हाताळणाऱ्या कारकुनांना, बसवून अडलेली प्रत्येक फाईल स्वतः विचारायचे. वर्ष-सव्वा वर्षात बदली झाली आणि ढीग पुन्हा वाढला. अधिकाऱ्याला ठरावीक मुदत द्या आणि तोंडी आदेशावर काम करायला लावू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच बजावलंय.

राहिला मराठीचा मुद्दा. मुद्दाम अडवणारे असतात, मी पाहिलेत. पण बहुतेक फाईल नावात अडते. खानापूरकडची एक आजी पौतीसाठी, म्हणजे वारसा नोंदीसाठी आली होती. नवऱ्याचं नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘परशराम’, मृत्यू दाखल्यावर ‘परशुराम’, आधारवर इंग्रजीतून ‘परसराम’. अर्ज दोनदा फेटाळलेला, आणि का ते तिला वाचता येत नव्हतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथे महत्त्वाचे नियम त्यांच्या भाषेत द्यायचे, हे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झालंय. खिडकीवर मात्र सगळं कन्नडमध्ये.

तिचं काम केलं एका कन्नड केसवर्करनं. पोरगा बैलहोंगलचा, मराठी मोडकंतोडकं. कचेरी सुटल्यावर थांबून त्यानं एकेक कागद तिला विचारून घेतला आणि तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र कन्नडमध्ये लिहून दिलं. त्याची गावाकडची शेवटची बस चुकली. दुसऱ्या दिवशी तोच मला म्हणाला, ‘सर, लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत लिहून भिंतीला लावू या की.’ आम्ही लावली. आठवड्यानं ती काढायचा तोंडी आदेश आला. लेखी द्या म्हणून मी टिपण ठेवलं. मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत त्यावर शेरा आला नव्हता.