वाचलेला परमवीर

परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं. त्यातली १४ मरणोत्तर. जे सात जण ते आपल्या छातीवर मिरवू शकले, त्यांत पहिले कारवारचे राम राघोबा राणे. आता छातीवर हात ठेवून सांगा, विक्रम बत्रा म्हटल्यावर जसा चेहरा चटकन डोळ्यांपुढे येतो तसा राण्यांचा येतो का? माझं स्पष्ट मत आहे की येत नाही, कारण राणे वाचले. नुसते वाचले नाहीत, तर पुढे वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्यात कमांड हॉस्पिटलमध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी गेले. यात आपल्याला गोष्ट सापडत नाही. आपल्याला सैनिक तिरंग्यात गुंडाळलेलाच लागतो. केस पिकलेला, पेन्शनीत निघालेला सैनिक आपल्या लेखी बातमी नसतो.

माझ्या मते मात्र राण्यांची गोष्ट कळायची तर त्यांची नोकरीच बघावी लागते.

जन्म १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलिसात. १९४० च्या जुलैत पोरगा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, साधा शिपाई म्हणून भरती झाला. ट्रेनिंगमध्ये उत्तम रिक्रूट ठरून कमांडंटची मानाची छडी मिळवली आणि थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर. तिथे बुथिडाँगला सैन्य मागे हटत असताना यांच्या तुकडीला मागे ठेवलं गेलं. काम काय, तर जपान्यांच्या हाती लागू नये असं जे जे आहे ते उडवून द्यायचं. नंतर नौदल येऊन उचलून नेईल असं ठरलेलं. ते काही झालं नाही. मग या मंडळींनी जपानी गस्त चुकवत स्वतःच नदी ओलांडली आणि आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. राणे हवालदार झाले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना कमिशन मिळालं, म्हणजे ते अधिकारी झाले, तेव्हा हा माणूस साडेसात वर्षं सुरुंग, स्फोटकं आणि पूल यांतच राबलेला होता. अकॅडमीतून नुकताच बाहेर पडलेला कोवळा सेकंड लेफ्टनंट नव्हता तो.

म्हणून काश्मीरसाठी पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात, एप्रिल १९४८ मध्ये, जम्मू भागातल्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावर जे झालं, ते मला चमत्कार वाटत नाही. शौर्य तर होतंच, पण त्याखाली कसब होतं. राजौरी घ्यायची तर रणगाडे पुढे जायला हवेत, आणि रस्ता असा की जागोजागी आडवी पाडलेली झाडं, उडवलेले पूल नि भूसुरुंग. ८ एप्रिलला बरवाली रिजजवळ काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांचा मारा आला. राण्यांची दोन माणसं जागीच गेली, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. पट्टी बांधून ते परत कामाला लागले.

पुढचे तीन दिवस हेच. पाइनची झाडं रस्त्यावर पाडून खाली सुरुंग पेरलेले, वरच्या टेकड्यांवरून मशीनगन. सुरुंग काढायचे, झाडं उडवायची, रणगाड्यांसाठी बाजूने वाट खणायची, आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. सगळ्यात जास्त सांगितला जातो तो रणगाड्याचा प्रसंग. दोन्ही बाजूंना सुरुंग आणि वरून गोळीबार, त्यामुळे पुढे चालत जाऊन वाट दाखवणं अशक्य. मग राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत निघाले. ड्रायव्हरला इशारा द्यायला दोऱ्या: एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. क्षणभर विचार करा. डोक्यावर कित्येक टन लोखंड, दोन्ही अंगांना फिरणारे पट्टे, कोपराखालच्या मातीत सुरुंग, आणि मांडीची जखम ताजी. चुकीची दोरी ओढून चालणार नाही आणि उशिरा ओढूनही नाही. हे त्या क्षणी सुचायला आणि निभवायला बेधडकपणा पुरत नाही, हात कामाला सरावलेला लागतो.

मुघल काळातली सराय आहे ना, त्या चिंगसपर्यंत वाट खुली झाली आणि १२ एप्रिलला राजौरी आपल्या ताब्यात आली. बरं, तोवर परमवीर चक्र नावाचं पदकच नव्हतं! ते सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. म्हणजे पदकाची आशा वगैरे प्रश्नच नाही.

सगळे इथे थांबतात. मला उत्सुकता आहे ती पुढच्या वीस वर्षांची, कारण माणूस नेमका तिथे असतो. देशातलं सर्वोच्च पदक घेतलेला हा अधिकारी १९६८ मध्ये, पन्नाशीला, मेजर म्हणून बाहेर पडला. जनरल नाही, कर्नलही नाही. त्यानंतरही पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत काम केलं. युद्धाच्या अधिकृत अहवालांत पाचदा नावानिशी उल्लेख झालेला माणूस फायली, हजेऱ्या आणि बदल्या सांभाळत दिवस कसे काढत असेल? रोज सकाळी युनिफॉर्म चढवताना राजौरी आठवत असेल की समोरचं काम? मला हे वाचायला आवडलं असतं. अठ्ठेचाळीस ते चौऱ्याण्णव, तब्बल ४६ वर्षं हा माणूस आपल्यात होता. शेवट तर पुण्यात झाला, जिथे व्याख्यानमालांना तोटा नाही.

कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच की पुतळा आहे की कारवारला. आहे, समुद्रकिनाऱ्यावर, युद्धनौकेच्या म्युझियमजवळ. शिपिंग कॉर्पोरेशनने तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं, २०२३ मध्ये अंदमानातलं एक बेट त्यांच्या नावाचं झालं. छानच आहे. पण यातलं बेटाचं आणि पुतळ्याचं कौतुक बघायला ते नव्हते. आणि शाळेत आपण पोरांना अजूनही किती शत्रू मारले याच्याच गोष्टी सांगतो. राण्यांचं परमवीर एकालाही मारण्यासाठी नाही, मागून येणाऱ्यांचे पाय शाबूत राहावेत म्हणून आहे. चौथी-पाचवीच्या पोरांना ही दोरीची गोष्ट फळ्यावर रणगाडा काढून सांगा. पोरं पहिला प्रश्न विचारतील, "मग ते मेले का?" तेव्हा सांगा की नाही, पुढे वीस वर्षं ऑफिसला गेले.