‘गेट उघडले नाहीत तोवर पूर नाही’: खान्देशात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मतलब तोच: ‘आपला खान्देश दुष्काळी, इथे महापूर शंभर वर्षांतून एखादा. वादळं कोकणात होतात. हवामान खात्याचं काही खरं नसतं. धरणाचे गेट उघडले तर सायरन वाजतो, तोवर घाबरू नका. पाणी आलंच तर दोन तासांत ओसरतं, घर सोडू नका. नुकसान झालं तर सरकार भरपाई देतं.’ पाठवणाऱ्याचा हेतू लोकांना धीर देण्याचा असेल. पण नदीकाठच्या माणसाने यातलं एकेक वाक्य खरं मानलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘खान्देश दुष्काळी आहे.’ उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पण दुष्काळी मुलखात पूर येत नाही, हे कुणी ठरवलं? इंग्रजांच्या काळातल्या सरकारी नोंदी काढून बघा. 1822 साली तापीच्या पुरात 65 गावं पूर्ण उद्ध्वस्त झाल्याची नोंद आहे. 1872 साली गिरणा आणि पांझरा एकदम चढल्या आणि एकट्या धुळे शहरात 500 घरं वाहून गेली. तेव्हा पांझरेवरचं अक्कलपाडा धरणही नव्हतं आणि तापीवरचं हतनूर धरणही नव्हतं.

अलीकडचं चाळीसगाव तर सगळ्यांनी पाहिलं आहे. 30 ऑगस्ट 2021 च्या रात्री कन्नड तालुक्याच्या बाजूच्या डोंगरांत प्रचंड पाऊस झाला. घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकाच वेळी चढल्या आणि 31 तारखेला शहराच्या बाजारपेठेत आणि काठच्या गावांत पाणी शिरलं. शेकडो गुरं दगावली. पोळा आठवड्यावर आला होता.

आपल्या काळ्या जमिनीचा गुणही लक्षात घ्या. जूनमध्ये भेगाळलेली जमीन पहिला पाऊस गटागटा पिते. ऑगस्टपर्यंत ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरून पडलेलं पाणी आत न मुरता सरळ नाल्याला लागतं. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर ते पाणी दहा कोटी लिटर भरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. डोंगरउतारावर असे कितीतरी चौरस किलोमीटर असतात आणि ते सगळे एकाच नाल्याकडे उतरतात.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी तर फार घात केला आहे. पाटबंधारे खातं नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ असा की लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक असते. यंदा येऊन गेलं म्हणून पुढची 99 वर्षं सुट्टी मिळत नाही. निळ्या रेषेच्या आत घर बांधून तिथे 30 वर्षं राहणाऱ्या माणसाला त्या काळात एकदा तरी पूर बघावा लागण्याची शक्यता शंभरात सत्तर आहे. प्लॉट घेण्याआधी ही रेषा कुठून जाते ते बघा. नदीपात्राला लागून पडलेला प्लॉट स्वस्त मिळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता गेटचा मुद्दा. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण तो अर्धा खरा आहे. तापीला पूर आला की आपण पहिलं विचारतो, ‘हतनूरचे किती गेट उघडले?’ धरणाला 41 दरवाजे आहेत आणि भुसावळच्या खालच्या काठासाठी त्यांची बातमी नक्कीच महत्त्वाची आहे. धुळ्यात पांझरेकाठी राहणाऱ्यांनी अक्कलपाड्याच्या विसर्गावर लक्ष ठेवलंच पाहिजे. पण हतनूरच्या खाली तापीला वाघूर मिळते, गिरणा मिळते, बोरी, अनेर, पांझरा मिळतात. यांचं पाणी हतनूरच्या दरवाजांतून येत नाही. सातपुड्यातून रावेर, यावल, चोपड्याकडे उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. डोंगरात पाऊस झाला की काही तासांत पाणी गावात येतं. चाळीसगावची तितूर गिरणेला मिळते तीही गिरणा धरणाच्या खाली. त्या रात्री गिरणा धरणाच्या गेटकडे डोळे लावून बसलेल्याला शेजारून येणारं पाणी दिसलंच नसतं.

शिवाय मोठी नदी भरून वाहत असली की लहान नदीचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे तुंबतं. संगमाजवळच्या गावात नाल्याचं पाणी उलटं चढताना दिसतं ते यामुळे. अशा वेळी गावावर पावसाचा थेंब नसतो. तापी उगम पावते बैतूल जिल्ह्यात मुलताईला. तिकडे आणि मेळघाटात झड लागली, पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-बुलढाण्याकडे पाऊस झाला, की भुसावळला ऊन असतानाही पूर येतो. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून ठरवू नका, वरच्या गावाला फोन लावा. ‘नदीले पूर उना’ ही बातमी वरच्या गावातल्या पाहुण्याच्या तोंडून बहुतेक वेळा आधी कळते. ते नंबर आत्ताच लिहून ठेवा.

विसर्गाच्या आकड्यांतही फसगत होते. ‘गेट दोन मीटरने उघडले’ एवढ्याने किती पाणी सुटलं ते कळत नाही. आकडा क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आहे की क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), ते बघायचं. एक क्युमेक म्हणजे साधारण 35 क्युसेक. एक हजार क्युसेक हे तापीला काहीच नाही, एक हजार क्युमेक मात्र 35 हजार क्युसेक होतात. फॉरवर्ड करताना हा शब्द गळाला की कुणी उगाच घाबरतं किंवा कुणी निर्धास्त झोपतं.

‘हवामान खात्याचं काही खरं नसतं.’ जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आला आणि आपल्या गावात भुरभुरही झाली नाही, असं होतं. पण इशारा जिल्ह्यासाठी असतो. चाळीसगाव ते रावेर अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे. चोपड्यात कोरडं गेलं म्हणून चाळीसगावचा इशारा खोटा ठरत नाही. ऑरेंजचा अर्थ तयारीत राहा, रेडचा अर्थ हालचाल करा. दोन-तीन दिवस आधीचा अंदाज ढोबळ असतो, पण पुढच्या तीन तासांचा अंदाज निघतो तो जवळचा असतो. झोपण्यापूर्वी तो एकदा बघायला मिनिटभर लागतं.

वादळाबद्दल थोडक्यात. कोकणासारखं चक्रीवादळ आपल्याकडे येत नाही, खरं आहे. पण मे-जूनच्या वादळी वाऱ्यात रावेर-यावलकडच्या घडांनी लगडलेल्या केळीबागा कशा आडव्या होतात ते बागाईतदारांना माहीत आहे. बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट कड लावणं ही जुनी रीत आहे, ती सोडू नका. घराच्या पत्र्यांवर आपण दगड ठेवतो. वाऱ्यात पत्रा उचलला की आधी तेच दगड खाली येतात, झोपलेल्या माणसाच्या अंगावर. पत्रे हुकने आवळून घ्या. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. मोबाइलमुळे वीज पडत नाही. उलट त्यातलं ‘दामिनी’ ॲप जवळ कुठे विजा पडताहेत ते दाखवतं.

‘पाणी दोन तासांत ओसरतं, घर सोडू नका.’ लहान नद्यांचा पूर लवकर ओसरतो, हे बरोबर आहे. पण जीव जातात ते त्या दोन तासांतच, आणि बहुतेक तीनच ठिकाणी: फरशीवर (नदी-नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर), गोठ्यात आणि पाण्याच्या मोटारीपाशी.

फरशीवरून पाणी वाहतंय, पलीकडे घर दिसतंय, आणि माणूस गाडी घालतो. वाहत्या पाण्याला घोट्याच्या थोडं वर, वीतभर खोली असली तरी मोठ्या माणसाचा पाय उचलला जातो. फूटभर पाण्यात लहान कार तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधून खचली आहे, तेही वरून दिसत नाही. शाळेची आणि एसटीची वेळ चुकली तर चुकू द्या.

गुरं पोहू शकतात, पण दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्यापाशीच बुडतं. नदीकाठच्या गोठ्यातली गुरं रेड अलर्टच्या संध्याकाळीच उंचावरच्या खळ्यात नेऊन बांधा. तेवढा वेळ मिळालाच नाही तर दावी सोडा, गाठ सुटेना तर कापा. त्यासाठी गोठ्यात विळा हाताला येईल असा टांगलेला असावा. रात्री अंधारात भिजलेल्या दोराची गाठ सुटत नाही.

तिसरी गोष्ट मोटारीची. काठावर आपल्या मोटारी, पाइप, स्टार्टर असतात. पाणी चढताना ‘एवढी मोटार काढून येतो’ म्हणून कुणीतरी उतरतं. कर्जाने घेतलेल्या मोटारीसाठी जीव तुटतो, हे मला कळतं. म्हणूनच तिची सोय मृग लागण्याआधी करा: जी काढता येईल ती काढा, उरलेल्यांचे स्टार्टर जुन्या पूरखुणेच्या वर बसवा. पाणी चढू लागलं की मात्र तिच्याकडे वळूनही बघू नका. ओल्या खांबाला, लोंबत्या तारेला हात लावू नका.

निघायचं कधी, हे मात्र प्रत्येक गावाने आधीच ठरवायला हवं. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या पुरांच्या खुणा देवळाच्या भिंतीवर, पारावर, खांबावर रंगाने ओढून ठेवा. ‘पाणी या रेघेला लागलं की खालच्या गल्लीतल्यांनी शाळेत जायचं’ हे आधी ठरलेलं असेल तर रात्री दोनला वाद होत नाहीत. म्हातारी माणसं, बाळंतिणी, लहान मुलं यांना रेघेची वाट न बघता उजेडातच हलवा. सातबारा, आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि रोजची औषधं एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निघताना मेन स्विच बंद करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077 आणि पोलिसांचा 112 घरातल्या मुलांनाही पाठ असू द्या.

राहिली भरपाई. ती पंचनाम्यावर ठरते आणि पंचनामा पाणी ओसरल्यावर होतो. घर, गोठा, पीक, जनावरं यांचे तारखेसह फोटो पावसाळ्याआधीच काढून ठेवा. गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहून ठेवा. मेलेलं जनावर पुरण्याआधी तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, नाहीतर नोंद होत नाही. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर ग्रामपंचायतीकडून ब्लीचिंग पावडर टाकून घेईपर्यंत ते पिऊ नका. तोवर पुरेल एवढं उकळलेलं पाणी झाकून, माळ्यावर, आधीच भरून ठेवा.