त्या १.७ सेकंदांबद्दल

गुरुत्वीय लहरी (अवकाशात पसरणारे गुरुत्वाकर्षणाचे तरंग) आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे प्रकाशाच्याच, म्हणजे गॅमा किरणांच्याही, वेगाने जातात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘गॅमा किरण १.७ सेकंद उशिरा आले, म्हणजे वेग सारखा नाहीच. हे लपवून तुम्ही आइन्स्टाइनचे पोवाडे गाता,’ असं लिहिलंय तुम्ही. शंका जरूर विचारा. पण ‘लपवून’? लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात १.७ हा आकडा आहे. खोटेपणाचा आरोप करण्याआधी निदान तेवढं तरी वाचायचं होतं.

एक मान्य. ‘एकाच क्षणी पोहोचले’ असं लिहायला नको होतं. तिथे ‘जवळजवळ’ घातलंय.

आता ते सेकंद. १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी टिपलेली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (अतिघन मृत ताऱ्यांची) टक्कर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर, एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत झाली. न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले की गॅमा किरण लगेच सुटतात असं नाही. आधी झोत तयार व्हावा लागतो, मग तो भोवतीच्या द्रव्यातून बाहेर पडावा लागतो. म्हणजे उशीर निघतानाच झालेला असू शकतो. बरं, तुमचंच खरं धरू: दोन्ही एकदम निघाले, फरक सगळा वेगातला. तरी १३ कोटी वर्षांच्या प्रवासात १.७ सेकंद! उलट गॅमा किरण १० सेकंद उशिरा निघाले असं धरलं, तरी लहरींचा वेग प्रकाशापेक्षा कमी भरतो तो एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांतले जेमतेम तीन. वेगात एक टक्का फरक असता तर दोघांच्या येण्यात १३ लाख वर्षांचं अंतर पडलं असतं. कृष्ण ऊर्जेचं, म्हणजे विश्वाच्या वाढत्या वेगाच्या प्रसरणाचं, स्पष्टीकरण म्हणून मांडलेला क्वार्टिक गॅलिलिऑन हा गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी सिद्धांत इथेच आपटला; त्यात लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा भरतो.

आणि पोवाड्यांचं म्हणाल, तर त्याच जातीच्या एका मॉडेलवर माझी चार वर्षं गेली होती. १६ ऑक्टोबरला निकाल जाहीर झाला, त्या रात्री वही उघडून समीकरणातलं लहरींचा वेग बदलणारं पद शून्य केलं. ज्यासाठी मॉडेल रचलं होतं तेच त्यातून गेलं. मार्गदर्शकांना फोन करायला दोन दिवस लागले. आइन्स्टाइन चुकलेला मला तुमच्यापेक्षा जास्त हवा होता.

‘सगळे पर्याय मोडीत काढले’ असं मी म्हटलेलंच नाही. ब्रान्स-डिकी, एफ(आर) या आइन्स्टाइनच्या सिद्धांताच्या पर्यायांत लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, त्यांना ही कसोटी लागत नाही. लायगोच्या शंभरेक हर्ट्झ वारंवारतेवरचा वेग विश्वाच्या पल्ल्यावर लागू होईलच असं नाही, हा तुमचा शेवटचा मुद्दा २०१८ पासून चर्चेत आहे. त्यात आज शिरत नाही.

‘लपवून’ हा शब्द तेवढा मागे घ्या.