टेबल मोठं की फायनल?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबवरनं. एकानं सहज विचारलं, "२०२३-२४ची आयएसएल, इंडियन सुपर लीग, कुणी मारली रं?" दोघं एकदम बोलले. एक म्हणाला बागान, दुसरा मुंबई सिटी. आणि दोघंही बरोबर!

लीगच्या २२ मॅच झाल्यावर गुणांच्या टेबलात बागान ४८ गुणांवर पहिला, मुंबई ४७ वर दुसरी, म्हणून शील्ड बागानची. मग वरच्या टीमांचे प्लेऑफ, म्हणजे नॉकआउट, झाले आणि ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, बागानच्याच घरात, मुंबईनं फायनल ३-१ नं मारली. कप मुंबईचा.

आमचा गोलकीपर फायनलवाला. पेठेच्या टीमकडनं बारा वर्षं पोस्टखाली उभा राहिलाय, त्यामुळं बोलायचा हक्क त्याला आहेच. "भावा, नॉकआउटला एक चूक झाली की घरी. काळीज लागतंय त्याला. टेबलाचं काय, चार दुबळ्या टीम धुतल्या की माणूस वर चढतोय."

मला हे पटणं शक्य नव्हतं. भडंगाचा कागद उलटा केला आणि पेनानं गुण मांडले. "हे बघ. शेवटच्या मॅचआधी मुंबई ४७, बागान ४५. मुंबईला नुसती बरोबरी पुरत होती. १५ एप्रिलला दोघं समोरासमोर. बागानच्या लिस्टन कोलासोनं पहिला घातला, कमिन्सनं दुसरा, मुंबईच्या छांगतेनं एक फेडला. २-१. इथं काळीज लागलं नाही व्हय? आणि त्याच्या मागं सप्टेंबरपासूनच्या २१ मॅच, कार्डं, दुखापती, लांबचे प्रवास. हे सगळं ४८ मध्ये आहे की!"

"मग २०२०-२१ ला काय झालं?" गोलकीपर सोडणारा नव्हता. "दोघंही ४० वर. तुझं टेबल गप्प बसलं."

"गप्प नाही बसलं. आपसातल्या दोन मॅच बघितल्या. दोन्ही मुंबईनं मारलेल्या, शील्ड मुंबईला. त्या मॅच लीगच्याच होत्या." माझं मत आजही तेच आहे. फायनलचा दिवस एखाद्याचा असतो, टेबलात अख्खा हंगाम असतो.

तोवर गप्प असलेल्या अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पोरांनो, गुण मोजताय, पण टेबलात नाव काय लिहिलंय ते बघा की. १८८९ चा क्लब. १९११ ला आयएफए शील्ड या जुन्या स्पर्धेच्या फायनलला ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं. अकरांत बूट एकाच्याच पायात, बाकी दहा अनवाणी. आणि २०२० ला एटीके या कोलकात्याच्याच आयएसएल क्लबबरोबर एक झाल्यावर त्याच नावाच्या पुढं 'एटीके' लागलं. लोकांनी तीन वर्षं आवाज उठवला, तेव्हा २०२३ ला ते निघालं."

मग त्यांनी आमच्याकडं बघितलं. "उद्या कोण येऊन म्हणाला, पैसा आमचा, तालमीच्या नावाआधी आमचं नाव लावा, तर?"

कुणी काही बोललं नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. कोल्हापुरात फुटबॉलच्या बऱ्याच टीमला तालमीचं नाव असतं. कुस्तीच्या लाल मातीशेजारी वाढलेला हा खेळ आहे. शाहू स्टेडियमवर पोरगं टीमसाठी ओरडतं तेव्हा ते आपल्या गल्लीसाठी ओरडत असतं. त्या नावापुढं दुसरं काही लावायची कल्पनासुद्धा नको वाटली.

मग गोलकीपरनंच २०१५ काढलं. आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य लीगची, शेवटची मॅच, ३१ मे, बेंगळुरूत, बेंगळुरू एफसीशीच. बागानला बरोबरी हवी होती आणि एक गोल मागं होते. ८७ व्या मिनिटाला कॉर्नर आला. गोलकीपर फरशीवर उभा राहिला, दोन्ही हात वर केले. "आणि बेलो रझाकचं डोकं! कीपरला कायसुद्धा करता आलं नसतं, मी सांगतो." १-१. बागान ३९, बेंगळुरू ३७. तेरा वर्षांनी देशाची लीग परत बागानकडं.

"ही लीगच होती," मी म्हणालो.

"फायनलसारखी होती," तो म्हणाला. त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं, कागदावर ४८ च्या खाली ठळक ३-१ लिहिलं आणि कागद घडी घालून खिशात टाकला.