कुत्री घाटापलीकडे सोडून रेबीज जाणार नाही

‘भटकी कुत्री उचला, कात्रज घाटापलीकडे सोडा, पुण्यातला रेबीज संपेल. नसबंदी करून परत आणून सोडणं म्हणजे पैसे पाण्यात.’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा फिरतोय. ज्या आईच्या पोराला कुत्रं चावलं, तिचा संताप मला समजतो. उपाय मात्र साफ चुकीचा आहे.

‘उचला.’ पण हाताला कोण लागणार? बिस्किटाचा पुडा वाजला की शेपूट हलवत येणारा आमच्या गल्लीतला काळू. त्याच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली, तेव्हाच लसही टोचलेली. जी बुजरी कुत्री कधीच कुणाच्या हाती लागली नाहीत आणि म्हणून बिनलशीची राहिली, ती गाडी दिसताच नाल्यात पसार होतात. लसवाली गेली, बिनलशीची उरली! रेबीजची साखळी तुटायला साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा आपणच खाली ओढायचा?

‘घाटापलीकडे सोडा.’ तिकडेही माणसंच राहतात. इकडे चिकनच्या दुकानामागचा कचरा तसाच राहिला, तर रिकाम्या जागेत शेजारची कुत्री येतात. शिवाय भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबाबत केंद्राने केलेल्या 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी, लसीकरण झालेलं कुत्रं उचललं तिथेच सोडायचं असतं. शाळा-रुग्णालयांच्या आवारातली कुत्री हलवायला सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं, ते निवाऱ्यात ठेवण्यासाठी.

‘नसबंदी झालेली चावत नाहीत का?’ चावतात. इथे मेसेज खरं बोलतो. नसबंदीने वीण थांबते, दरवर्षी बिनलशीच्या पिल्लांची भर पडत नाही. रेबीज अडवते ती लस, आणि ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. कानाची खाच एकदाच होते, ती यंदाच्या लसीची खूण नव्हे. गोव्यात गल्लोगल्ली जाऊन, जाळ्यात धरून कुत्र्यांना लस दिली. 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आपल्या नगरसेवकाकडे मागायचं ते हे.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय, ‘खाचवालं चावलं तर इंजेक्शन नको.’ कृपा करून हे कुणी ऐकू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. पोटातली 14 इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडावर देतात. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र माणूस वाचत नाही.