ग्रंथालय हलकं करण्याचे सोपे उपाय

विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीवर तुमची नेमणूक झाली असेल, तर आधी अभिनंदन. पुस्तकांशी काडीचा संबंध नसताना पुस्तकांवर एवढा अधिकार दुसरीकडे कुठे मिळत नाही. एवढी जाडजूड, धूळ खात पडलेली कपाटं बघून पहिल्या दिवशी तुमची छाती दडपेल, पण घाबरू नका. गेल्या मंगळवारी एका ग्रंथालयात मला जो प्रसाद मिळाला, त्यातून शिकलेल्या चार युक्त्या तुमच्या कामी याव्यात म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात आधी ठरवून टाका की पुस्तक म्हणजे परीक्षेचं पुस्तक. बाकी प्रबंध, गौरवग्रंथ, चिकित्सक आवृत्त्या, सूची, कोश, चर्चासत्रांचे खंड, नकाशासंग्रह, पाहणी-अहवाल, बांधीव नियतकालिकं हे सगळं 'इतर' या तीन अक्षरांत मावतं. तिथे मावलं की भिंतीवरची जागा मोकळी होते आणि त्या जागेत एकाच क्रमिक पुस्तकाच्या चाळीस प्रती ओळीने लावता येतात. फोटोही छान येतो.

प्रबंध मात्र टाकू नका. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, पाहुण्यांना दाखवायला बरं दिसतं. कपाटाची किल्ली तेवढी रजेवर गेलेल्या माणसाकडे ठेवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर छापलेला तो ओळख-क्रमांक, नसेल ते पुस्तकच नव्हे, असा नियम करा. हा क्रमांक १९७० साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याआधी लोक जे काही छापत होते ते बहुधा पंचांग असावं. संगणकात तो रकाना सक्तीचा करून टाका, म्हणजे संस्थांचे अहवाल, विभागांच्या टिपणपुस्तिका, चर्चासत्रात वाटलेले सायक्लोस्टाइल निबंध यांची नोंदच होणार नाही. नोंद नाही म्हणजे हरवलं अशी तक्रारही नाही.

नवी आवृत्ती आली की जुनी काढायची, यात दयामाया नको. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ ते १८७२ या काळात, त्याच्या हयातीत, सहा आवृत्त्या निघाल्या आणि गृहस्थ दर वेळी मजकुरात हात घालत राहिला. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द त्या पुस्तकात पाचव्या आवृत्तीत, म्हणजे १८६९ साली आले. 'इव्होल्यूशन' हा शब्द तर थेट सहाव्या आवृत्तीत. माणूस कुठे ठाम होता आणि टीकाकारांपुढे कुठे नमला हे बघायचं तर सहाही टेबलावर उघड्या लागतात. तुम्हाला कुठे बघायचंय? सहावी ठेवा, शेवटची आहे म्हणजे बरोबरच असणार.

नियतकालिकं बांधायला देताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं फाडून द्या. पुढे कुणी नेमकी तीच मागायला येईल, पण तोवर तुमची मुदत संपलेली असेल.

भाषांच्या भानगडीतही फार पडू नका. ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये पुस्तकांना विषयवार आकडे देणारं वर्गीकरण आखलं. त्यात साहित्याला आठशेचं घर. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, लॅटिन वगैरे मंडळी ८१० ते ८८० मध्ये ऐसपैस बसली आणि उरलेलं सगळं जग ८९० या एका खोलीत. आपलं मराठी साहित्य ८९१.४६ ला, दशांश चिन्हापलीकडे दाटीवाटीत उभं. (हा आकडा मला फोन नंबरासारखा पाठ आहे, त्या कपाटापाशी बरीच वर्षं गेली.) खोली आधीच अडचणीची म्हटल्यावर तिथून काढायला कारणही शोधावं लागत नाही.

आता मुख्य उपाय. दहा वर्षांत एकदाही इश्यू झालं नाही ते निर्लेखित करा. 'निर्लेखन' हा शब्दही किती सात्त्विक आहे बघा. रद्दीत घातलं म्हटलं की लोक चिडतात, निर्लेखन म्हटलं की सही करतात.

मला हवा होता एका जुन्या चर्चासत्राचा खंड. त्यात एका नदीच्या बदलत गेलेल्या पात्राचा चार घड्यांचा नकाशा होता, त्यातली एक मोजणी मला तपासायची होती. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत, 'शेल्फवर उपलब्ध' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं. दोन जिने चढून गेलो तर शेल्फच नाही. तिथे सोफा. भिंतीवर 'वाचन कट्टा' अशी पाटी आणि सोफ्यावर दोन मुलं मोबाइल चार्ज करत बसलेली. खाली देवघेव खिडकीवर विचारलं, तर उत्तर आलं, "बाद झालंय सर ते. दहा वर्षांत एकदाही इश्यू नव्हतं."

होणार कसं इश्यू? त्याच्या पहिल्या पानावर तुम्हीच लाल शिक्का मारलेला होता, 'संदर्भासाठी, बाहेर नेता येणार नाही'. जे पुस्तक बाहेर न्यायला बंदी, ते कुणी बाहेर नेलं नाही म्हणून बाद! मी स्वतः तो खंड तिथे बसून चार वेळा वाचलाय. टेबलावर पाटी असायची, 'वाचून झालेले ग्रंथ टेबलावरच ठेवावेत'. टेबलावर राहिलेली पुस्तकं संध्याकाळी मोजायची म्हणजे आत बसून काय वाचलं गेलं ते कळतं, हाही त्या पाटीमागचा एक हेतू असतो. पाटी लावलीत, मी इमानेइतबारे पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि मोजलं कुणी? कुणीच नाही.

दहा वर्षं म्हणे. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापला गेला तो ब्र्यून गावच्या निसर्ग-अभ्यासक मंडळाच्या वार्षिक खंडात. गावातली हौशी मंडळी, त्यांचं ते वार्षिक. तुमच्या भाषेत 'इतर'. तो खंड देवाणघेवाणीत देशोदेशींच्या ग्रंथालयांत गेला आणि कपाटात जाऊन बसला. मेंडेल १८८४ साली गेला तरी त्या निबंधाची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नव्हती. १९०० साली द व्ह्रीज, कॉरेन्स, चेर्माक यांची कामं प्रसिद्ध झाली तेव्हा तो पुन्हा उजेडात आला आणि आनुवंशशास्त्र उभं राहिलं. चौतीस वर्षं! तुमच्या नियमाने तो तीन वेळा रद्दीत गेला असता.

हे मी समितीतल्या एका सद्गृहस्थांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "रंगनाथनांनीच म्हटलंय ना, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढतं त्याची नखं कापावी लागतात." रंगनाथन म्हणजे आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक. त्यांचे ग्रंथालयाचे नियम १९३१ सालचे आणि ते पाच आहेत. या सद्गृहस्थांना पाचवा तेवढा पाठ. तिसरा आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. तो वाचक मंगळवारी सकाळी अकरा वाजता खिडकीपाशी उभा होता आणि नखांबरोबर बोटं गेलेली होती.

"पण सर, सगळं ऑनलाइन आहे." हे वाक्य पाठ करून ठेवा, प्रत्येक प्रसंगी चालतं. मीही ऑनलाइन बघितलं. खंड सापडला. नकाशाचं पान उघडलं तर नकाशा घडी घातलेल्या अवस्थेतच स्कॅन केलेला. चार घड्यांपैकी वरची एक दिसते, तिच्या कोपऱ्यावर स्कॅन करणाऱ्याचा रबरी टोपी घातलेला अंगठा. नदी त्या अंगठ्याखालून वाहत जाते आणि पुढे दिसत नाही. आणि जे वर्गणी भरून मिळतं, ते तर बहुतेक भाड्याचं घर. बऱ्याच करारांत ते दुसऱ्या ग्रंथालयाला उसनं देता येत नाही. काही करारांत वर्गणी थांबली की मागचे अंकही दिसेनासे होतात. कागदी अंकाची वर्गणी थांबली तर पुढचा अंक यायचा बंद व्हायचा, मागचे कुणी कपाटातून ओढून न्यायचं नाही. ते काम तुम्ही केलंत.

पुरे झाला उपरोध, जमत नाही आता. निर्लेखन करूच नका असं कुणी म्हणत नाही. क्रमिक पुस्तकाची एकोणचाळिसावी प्रत काढा, वाळवीने खाल्लेलं काढा. पण काढण्याआधी एवढं तरी बघा की हाच खंड आणखी कुठे शिल्लक आहे का. एक दिवसाचं काम आहे हो. त्या विषयाच्या विभागात यादी पाठवा, आठ दिवस थांबा. ग्रंथपालबाईंनी हरकत लिहून दिली होती, मला शिपायाने सांगितलं. ती वाचलीत? तीस वर्षं त्या कपाटांमधून फिरणाऱ्या बाईला विचारायचं नाही आणि सोफा कुठे बसतो ते टेप घेऊन मोजायचं, लाज वाटायला हवी. संशोधन वाढवा, संशोधन वाढवा म्हणून परिपत्रकं तुम्हीच काढता ना? कशावर करायचं ते? सोफ्यावर?

निघताना खिडकीवरच्या मुलाने मला खंडाचा दाखल क्रमांक आणि पुढे 'बाद' असं एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी जाड होती, खालच्या बाजूला मधोमध भोक. उलटून बघितलं तर जुन्या तालिकेतलं कार्ड, त्यावर कुणीतरी बोरूने लिहावं तशा अक्षरात ग्रंथाचं नाव, पृष्ठसंख्या आणि खाली 'नकाशे ३, घडीचे'. माझा खंड नव्हता तो, दुसराच कुठला तरी. तोही आहे का विचारायला मी परत खिडकीकडे वळलो, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.