‘अपडेट बंद, कॉम्प्युटर फास्ट’: एका फॉरवर्डची झाडाझडती

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर ‘घरचा कॉम्प्युटर हँग होतो? हे करा’, खाली हिरव्या टिकमार्कांची रांग. सांगणं थोडक्यात असं: विंडोजचे अपडेट कायमचे बंद करा, त्यानेच मशीन स्लो होतं. अँटिव्हायरस आणि डिफेंडर (विंडोजचाच व्हायरस-पहारेकरी) दोन्ही बंद ठेवा, घरच्या माणसाकडे चोरण्यासारखं काय असतं? ओरिजिनल विंडोजवर पैसे घालवू नका, ॲक्टिव्हेटर (पैसे न भरता विंडोज चालू करून देणारं चोरटं सॉफ्टवेअर) टाका. अधूनमधून रिफ्रेश मारा. आणि स्क्रीनवर व्हायरसचा इशारा आला तर त्यातल्या नंबरवर ताबडतोब फोन करा. पाठवणाऱ्यांत रिटायर्ड मास्तर आहेत, दुकानदार आहेत, हेतू चांगलाच. पण यातला एक सल्ला निरुपद्रवी आहे, बाकीचे महागात पडणारे.

निरुपद्रवी तो रिफ्रेशचा. एफ-५ दाबलं की डेस्कटॉपवरचे आयकॉन नव्याने काढले जातात, बस. रॅम रिकामी होत नाही, वेग वाढत नाही. हौस असेल तर दाबत राहा.

आता अपडेट. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट काढलं. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर शिरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागायचे, हा त्याचा धंदा. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांवर कॉम्प्युटर. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांच्या मशीनमध्ये त्या वाटेने शिरायची सोय उरली नव्हती. ‘नंतर बघू’ म्हणणारे सापडले.

मग मशीन स्लो का होतं? आपल्याकडचं पहिलं कारण ऊन आणि धूळ. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कॅबिनेटचं झाकण एकदा उघडून बघा. प्रोसेसरवरचा पंखा काढला की खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये धुळीचा जाड थर दिसेल, नखाने उचलला तर अख्खा निघतो. हवा जायला जागाच नाही. तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो आणि आपण शिव्या अपडेटला घालतो. दुसरं कारण जुनी हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडा; डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर अडकलेला असेल तर दुखणं तिथे आहे. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, कितीतरी वेगवान डिस्क) बसवली आणि चार जीबीची रॅम आठ केली की तेच मशीन ओळखू येत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटला नेलंत तर हे काम फार वेळ खाणारं नाही.

मेसेजवाल्याची एक तक्रार मात्र खरी आहे. ऐन कामात ‘बंद करू नका’ असं लिहून टक्के मोजत बसलेली स्क्रीन डोकं उठवते. त्यात लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असली, तर विंडोज सहसा मागे फिरून सावरतं, पण कधीकधी डिस्कवरच्या फायली बिघडतात. यावर इलाज आहे: सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ भरा, म्हणजे त्या वेळात मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर कनेक्शन ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजून वापरायचं) करा, डेटा एका दमात संपत नाही. अपडेट थोडे दिवस थांबवायचं बटणही आहे. कायमचं बंद करायची गरज कुठे उरली?

विंडोज १० वाल्यांचा प्रश्न वेगळा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली, पण ती नोंदणी केली तरच. मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नसेल आणि काम ब्राउझर आणि पत्रं टाइप करण्यापुरतंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर चालतं.

घरच्या माणसाकडे चोरण्यासारखं काय, यावर येऊ. ‘मनाजोडे काय शे?’ (माझ्याकडे काय आहे?) हा प्रश्न चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत ऐकायला मिळतो. काय शे? डाउनलोडचं फोल्डर उघडा. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, बँक पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, पोरीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी स्कॅन केलेला उत्पन्नाचा दाखला, सहीचा फोटो. दुसऱ्याच्या नावाने खातं उघडायला किंवा कर्ज काढायला याहून आयता माल कुठला? शिवाय ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड.

अँटिव्हायरसबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. मुदत संपलेला, रोज ‘रिन्यू करा’ म्हणून छळणारा खुशाल काढा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून आहे. दुसरा काढला की तो आपोआप चालू होतो आणि घरापुरता पुरतो. पण त्यालाच बंद करा म्हणजे कमाल झाली. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह लावल्यावर फोल्डरच्या पिवळ्या आयकॉनवर छोटा वाकडा बाण दिसतो ना? तो फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. खरं फोल्डर लपवलेलं असतं. डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं, म्हणून संशयही येत नाही. असे बरेचसे जुने प्रकार डिफेंडर लगेच धरतो, पण तो स्वतः जागा असेल तर.

ॲक्टिव्हेटरच्या सूचनांमध्ये पहिली ओळ हमखास अशी असते: ‘इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा.’ पाहुणा दारातूनच सांगतोय की कुत्र्याला बांधा, आणि आपण बांधतो. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर घरगुती कॉम्प्युटरांत पसरलं ते मुख्यतः अशाच क्रॅकमधून, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरमधून. लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशोब, सगळ्याच्या नावापुढे नवीन शेपूट लागतं आणि एकही फाइल उघडत नाही. बॅकअप नसेल तर पुढे बोलण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, कॉपी झाली की केबल काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्कही त्याच फेऱ्यात सापडते.

राहिला तो फोन नंबर. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. स्क्रीनभर लाल पान, कर्कश बीप, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे’: ही नुसती वेबसाइट असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन लावला की पलीकडचा गोड बोलून एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावतो आणि मग तुमच्यासमोर तुमच्याच बँकेत फिरतो. पान बंद होत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. फोन करून बसला असाल आणि पैसे गेले असतील, तर आधी नेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून ग्रुपवर विचारत बसू नका.